डेस्कटॉप ग्राफिक्स कार्डाचे आकडे दाखवून आरटीएक्स ४०७० चा लॅपटॉप गळ्यात मारला

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळ या पट्ट्यात कोणी रेंडरिंग (थ्रीडी सीनचं तयार चित्र काढणं), एडिटिंग किंवा गेमिंगसाठी लॅपटॉप घ्यायच्या तयारीत असेल तर हे वाचा, मोठं झालंय पण पूर्ण वाचा. माझे दीड लाखाच्या आसपास अडकलेत, आणि परवा ओळखीतल्या एका पोराला अगदी तसंच कोटेशन आलेलं बघितलं तेव्हा राहवलं नाही. दुकानाचं नाव टाकत नाही कारण तक्रार चालू आहे.

माझं काम होमस्टे आणि रिसॉर्टवाल्यांना थ्रीडी वॉकथ्रू (जागा फिरून दाखवणारी संगणकावरची फिल्म) करून देण्याचं, गुहागर, दापोली, गणपतीपुळे साइडला. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल नेम नाही, आणि मालकाला जागेवर जाऊन दाखवावं लागतं, म्हणून लॅपटॉपच हवा होता. दुकानात गेल्या गेल्या मी पहिलं विचारलं व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी) किती, कारण माझे सीन जड असतात, नारळ-पोफळी, चिऱ्याच्या भिंती, कौलं, सगळ्याला ४के टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवलेलं मोठं चित्र. एक ४के टेक्स्चर मेमरीत उलगडलं की ६४ एमबीच्या आसपास खातं, एका मटेरियलला कलर, रफनेस, नॉर्मल असे तीन मॅप धरले तरी एकट्या चिऱ्याच्या भिंतीला दोनशेच्या जवळ जातं. असं पूर्ण घर आणि वाडी उभी केली की ८ जीबी कधी संपली कळत पण नाही, मग रेंडर एकतर रांगतो नाहीतर मेमरी संपली म्हणून एरर देऊन बंद.

दुकानदाराने व्हॉट्सॲपवर कोटेशन पाठवलं, त्यात स्वच्छ लिहिलंय "आरटीएक्स ४०७०, १२ जीबी", म्हणजे एनव्हीडिया कंपनीचं ४०७० ग्राफिक्स कार्ड आणि १२ जीबी व्हीरॅम. सोबत बेंचमार्कचा, म्हणजे वेगाच्या चाचण्यांचा, एक चार्ट. मी विचारलं, हा लॅपटॉपचाच ना? तर म्हणे, "अहो दादा, ४०७० म्हणजे ४०७०, चिप तीच, फक्त लॅपटॉपात बसवलेली."

हे साफ खोटं आहे. डेस्कटॉपची ४०७० म्हणजे ५८८८ क्युडा कोअर (कार्डातले हिशोब करणारे छोटे भाग), १२ जीबी जीडीडीआर६एक्स मेमरी, १९२ बिटची बस (मेमरीकडे जाणारा रस्ता), २०० वॅट. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये वेगळी, छोटी चिप असते, ४६०८ कोअर, ८ जीबी साधी जीडीडीआर६, १२८ बिट, आणि वॅट लॅपटॉप कंपनी ठरवेल तसे, ३५ पासून ११५ पर्यंत, वॅट कमी तेवढा वेग कमी. म्हणजे १२ जीबीची लॅपटॉप ४०७० द्यायची म्हटली तरी तो देऊ शकत नव्हता, आणि हे धंदा करणाऱ्याला माहीत नसतं यावर माझा विश्वास नाही.

नाव सारखं ठेवण्याचं काम एनव्हीडिया कंपनीचंच आहे, तेही सांगायला हवं. पूर्वी लॅपटॉपच्या कार्डाला मागे एम असायचा, ९८०एम वगैरे, २०१६ ला १० सीरिज आली तेव्हा तो काढला, आणि तेव्हा खरंच लॅपटॉपची कार्डं डेस्कटॉपच्या बरीच जवळ आली होती. नंतर अंतर वाढत गेलं, नाव मात्र तेच. आता कागदावर शेवटी 'लॅपटॉप जीपीयू' (जीपीयू म्हणजे ग्राफिक्सची चिप) असं असतं आणि दुकानदार नेमके तेवढेच दोन शब्द गाळतात. ४०९० चं तर विचारूच नका, डेस्कटॉपला १६३८४ कोअर आणि ४५० वॅट, लॅपटॉपला ९७२८ कोअर, म्हणजे डेस्कटॉपच्या ४०८० ची चिप. सगळीकडे इतकी दरी नाही, ४०६० ला दोन्हीकडे ३०७२ कोअर आणि ८ जीबीच आहे, तिथे फरक मुख्यतः वॅटचा. पण नंतर ५०७० आली तेव्हा परत तेच, डेस्कटॉप १२ जीबी, लॅपटॉप ८. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरला तर आपण आरडाओरडा करतो, इथे पेटीवरचं नाव कंपनीनेच छापून दिलंय म्हणून दुकानदाराचं फावतं.

आता डिलिव्हरीच्या दिवशी काय केलं ते नीट वाचा, खरी चलाखी यातच आहे. मी म्हटलं १२ जीबी दाखवा. त्याने टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर गेला आणि 'जीपीयू मेमरी' या ओळीवर बोट ठेवलं, तिथे १५.९ जीबी. "बघा, १२ सांगितली होती, तुम्हाला १६ देतोय." शेजारचा माणूस पण वा वा म्हणाला. ती ओळ म्हणजे बेरीज असते. कार्डाची स्वतःची मेमरी, अधिक तुमच्या साध्या रॅमचा जवळजवळ अर्धा भाग जो विंडोज गरज पडली तर उसना देतं. त्या लॅपटॉपात रॅम १६, म्हणजे ८ कार्डाची आणि ७.९ रॅममधली. खरा आकडा त्याच पानावर 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' या ओळीत असतो, आणि त्या ओळीवर त्याने स्क्रीनवरची दुसरी खिडकी सरकवून ठेवली होती.

घरी आल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये एनव्हीडिया-एसएमआय (कार्डाची माहिती दाखवणारी कमांड) टाइप केलं तर मेमरी ८१८८ एमआयबी, म्हणजे ८ जीबीच. रेंडर चालू ठेवून वॅट बघितले, चार्जर लावलेला असूनही ७५ च्या वर जाईना. चार्ट शोधून काढला, तो डेस्कटॉप कार्डांचा, वरचं शीर्षक कापून पाठवलेला.

परत गेलो तर सूर बदललेला. १२ जीबी म्हणे टायपिंग मिस्टेक, बिलात फक्त ४०७० लिहिलंय, सील फोडलंय, आता परत घेणार नाही. फार तर सेकंडहँडच्या भावात घेऊ. मी नाही म्हटलं. वस्तू लिहून दिल्याप्रमाणे नाही, तर सेकंडहँडचा भाव कसला?

ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला तक्रार टाकलीय. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, ऑनलाइन दाखल होते, मुदत दोन वर्षं. म्हणून कोटेशन, चार्ट, चॅट, बिल यातलं काही डिलीट करू नका. आणि घेणाऱ्यांनी बिलावरच 'लॅपटॉप जीपीयू', व्हीरॅम किती, कमाल वॅट किती आणि पूर्ण मॉडेल नंबर लिहून मागा, तो नंबर पैसे द्यायच्या आधी लॅपटॉप कंपनीच्या साइटवर टाकून बघा. लिहून द्यायला कां कूं करत असेल तर तिथूनच उठा. त्या पोराने मागितलं, दुकानदार म्हणाला आम्ही असं बिलावर लिहीत नाही, आणि पोरगा पैसे न देता परत आला.