पीनट्सचे संपूर्ण खंड: काही महिने रोज वाचल्यावर

पीनट्स म्हणजे चार्ल्स शुल्झ या अमेरिकन चित्रकाराची, चार्ली ब्राऊन, त्याचा कुत्रा स्नूपी आणि आसपासच्या मुलांवरची पेपरातली रोजची कॉमिक स्ट्रिप. फँटाग्राफिक्स या प्रकाशकाने 2004 ते 2016 या काळात तिच्या सगळ्या स्ट्रिप्स तारखेच्या क्रमाने पुस्तकात आणल्या. एकूण 26 खंड, त्यातल्या 25 मध्ये रोजच्या स्ट्रिप्स, एका खंडात साधारण दोन वर्षं. माझ्याकडे पहिल्यापासून 1970 पर्यंतचे आहेत आणि वर 1999-2000 चा आहे, सगळे हार्डकव्हर. गेले काही महिने रोज रात्री हेच वाचतोय आणि आता लिहायला हरकत नाही इतपत वाचून झालंय.

आधी पुस्तक म्हणून कसं आहे ते. आकार आडवा, एका पानावर रोजच्या तीन स्ट्रिप्स, आणि रविवारची मोठी स्ट्रिप पूर्ण पानभर. म्हणजे सोमवार ते शनिवार दोन पानं, रविवार एक, असा आठवडा तीन पानांत बसतो. डिझाइन सेथ या कॅनेडियन चित्रकाराचं आहे, प्रत्येक कव्हरवर एकाच पात्राचा मोठा चेहरा आणि रंग एकदम शांत, कपाटात ओळीने लावले की फार छान दिसतात. कागद जाड, मागचं दिसत नाही. बांधणी इतके महिने उघडमीट करूनही टिकून आहे. फक्त एक खंड कुरिअरने आला तेव्हा कोपरा चेपलेला होता, विक्रेत्याला फोटो पाठवले तर तीन मेलनंतर उत्तर आलं की आतली पानं ठीक आहेत ना मग बदलून मिळणार नाही. एवढ्या किमतीच्या पुस्तकाला पातळ पिशवीत टाकून पाठवू नये एवढी साधी अपेक्षा होती.

आता मुद्द्याचं. हे एका बैठकीत वाचायचं पुस्तक नाही. ही स्ट्रिप रोज सकाळी एक अशी बघण्यासाठी काढलेली आहे, आणि पन्नास पानं सलग वाचली की सगळं एकसारखं वाटायला लागतं, लूसी ओरडतेय, चार्ली ब्राऊन उसासे टाकतोय, बास. तेच रोज फक्त एक आठवडा, म्हणजे तीन पानं, असं वाचलं की वेगळीच मजा. वर्षाचं चाक फिरताना दिसतं. वसंत आला की बेसबॉल आणि पतंग, शाळा सुरू होते, ऑक्टोबरच्या शेवटी लायनस भोपळ्याच्या मळात ग्रेट पम्पकिनची, म्हणजे त्याने मनाने ठरवलेल्या, मुलांना खेळणी आणणाऱ्या भोपळ्याची वाट बघत बसतो, मग बर्फ, मग पियानोवेड्या श्रोडरच्या लाडक्या बीथोव्हेनचा वाढदिवस, आणि परत पतंग झाडात अडकतो. शुल्झने हे पन्नास वर्षं केलं. 2 ऑक्टोबर 1950 ला सुरुवात आणि 13 फेब्रुवारी 2000 ला शेवटची रविवारची स्ट्रिप, एकूण 17,897. लेखन, पेन्सिल, शाई, अक्षरं, सगळं स्वतःच्या हाताने, कधी असिस्टंट ठेवला नाही. 1997 मध्ये पंचाहत्तराव्या वाढदिवसाला पाच आठवडे सुट्टी घेतली तेवढीच.

पेपरातल्या स्ट्रिपच्या मागे काय व्यवहार असायचा हे कळलं की या खंडांकडे बघायची नजर बदलते. अमेरिकेत चित्रकार थेट पेपरसाठी नाही, सिंडिकेटसाठी काढतो, आणि सिंडिकेट तीच स्ट्रिप शेकडो पेपरांना विकतं. पीनट्स सुरू झाली तेव्हा घेणारे पेपर होते फक्त सात. आणि विकताना मोठा मुद्दा होता जागेचा! चार चौकटी, चारही सारख्या मापाच्या, म्हणजे संपादकाला हवी तर आडवी लावा, उभी लावा, नाहीतर दोनावर दोन असा चौकोन करा, जिथे जागा उरेल तिथे बसवा. पीनट्स हे नावही सिंडिकेटनेच लादलेलं, शुल्झला ते शेवटपर्यंत आवडलं नाही. त्याआधी 1947 पासून तो सेंट पॉलच्या पेपरात लिल फोक्स नावाने लहान मुलांची चित्रं काढायचा.

मला मनापासून असं वाटतं की पीनट्सचं जे काही सौंदर्य आहे ते या अडचणीतून आलंय. एवढ्याशा चौकटीत पार्श्वभूमी काढायला जागाच नाही, मग एक भिंत, एक फुटपाथची कड, गवताचे चार फटकारे. मोठी माणसं चौकटीत मावणारच नाहीत, मग ती दिसतच नाहीत. सगळं मुलांच्या उंचीवरून. शेजारी दहा स्ट्रिप्स गचागच भरलेल्या असताना ही पांढरी मोकळी जागा पानावर कशी उठून दिसत असेल बघा. पुढे 1988 मध्ये त्याने चार चौकटींचा नियम सोडला, तीन किंवा एकच लांब चौकट असंही करायला लागला, आणि तिथेही तो रिकाम्या जागेशी छान खेळतो, पण माझं मन त्या जुन्या चारमध्येच अडकलेलं आहे.

पहिला खंड वाचताना धक्का बसतो कारण ही आपली ओळखीची मंडळी नाहीतच. अगदी पहिल्या स्ट्रिपमध्ये शर्मी आणि पॅटी फुटपाथच्या कडेला बसलेत, चार्ली ब्राऊन समोरून जातो, शर्मी त्याचं नाव घेऊन कौतुक करतोय असं वाटतं आणि शेवटच्या चौकटीत म्हणतो की मला त्याचा किती तिरस्कार वाटतो. चार वर्षांच्या पोरांच्या तोंडी असला थेट द्वेष 1950 साली कॉमिक्सच्या पानावर! स्नूपी तेव्हा साधा चार पायांवर चालणारा कुत्रा, श्रोडर, लूसी, लायनस एकेक करून तान्ही बाळं किंवा लहान पोरं म्हणून येतात आणि आपल्या डोळ्यांदेखत चार्ली ब्राऊनच्या बरोबरीची होतात. लूसी फुटबॉल धरते, चार्ली ब्राऊन लाथ मारायला धावत येतो आणि ती ऐन वेळी बॉल काढून घेते, हा प्रसिद्ध प्रकारसुद्धा लूसीने सुरू केलेला नाही, पहिल्यांदा 1951 मध्ये व्हायोलेट बॉल सोडते आणि तीही खोडी म्हणून नाही, हा आपल्यालाच लाथ मारेल या भीतीने. लूसी पुढच्या वर्षी आली आणि पुढे जवळपास दर वर्षी तेच.

श्रोडरच्या खेळण्यातल्या पियानोवर जे स्वर लिहिलेले दिसतात ते नुसत्या रेघोट्या नाहीत, शुल्झ खऱ्या बीथोव्हेनच्या स्वरलिपी बघून हाताने उतरवायचा. पेपरात बोटभर उंचीला छापून येणाऱ्या चित्रासाठी! एस्टरब्रूक 914 नावाची निब तो वापरायचा, कंपनी ती बंद करणार म्हटल्यावर त्याने शिल्लक साठाच विकत घेऊन ठेवला. खंडात पावसाच्या स्ट्रिप्स बघा, निबच्या उभ्या रेघांनी पूर्ण चौकट भरलेली, आणि तरी मध्ये उभा असलेला चार्ली ब्राऊन स्वच्छ दिसतो. मी या पानांवर फार वेळ रेंगाळतो.

आता एक स्ट्रिप जरा नीट सांगतो, कारण या खंडांमधली सगळ्यात मोठी उणीव पण त्यातूनच कळते. 22 डिसेंबर 1962. पहिल्या तीन चौकटीत चार्ली ब्राऊन आणि लायनस शेजारी शेजारी बसलेत, हनुवटी हातात, एक शब्द नाही. चौथ्यात चार्ली ब्राऊन आकाशाकडे तोंड करून किंचाळतो की मॅकोव्हीने बॉल फक्त तीन फूट वरून का नाही मारला. बास एवढंच. आपल्यासारख्याला काय कळणार? शोधल्यावर कळतं की त्या ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना होता, सॅन फ्रान्सिस्को जायंट्स विरुद्ध न्यूयॉर्क यँकीज, जायंट्स 1-0 ने मागे, शेवटच्या डावात दोघं बाद, दोन धावा करणारे बेसवर उभे, आणि विली मॅकोव्हीने सणसणीत मारलेला बॉल थेट बॉबी रिचर्डसनच्या हातात गेला. सामना संपला, सिरीज गेली. शुल्झ जायंट्सचा चाहता. बरं पुढे महिन्याभराने, जानेवारी 1963 मध्ये, परत तसेच दोघं बसलेत, परत तीन मुक्या चौकटी, आणि परत किंकाळी, या वेळी की निदान दोन फूट तरी! 2023 च्या वर्ल्ड कप फायनलनंतर आपल्याकडे लोक महिनाभर असेच बसले होते, त्यामुळे संदर्भ कळला की ही स्ट्रिप एकदम आपली होते. पण पुस्तकात याचा एका ओळीचाही खुलासा नाही. टिपा अजिबात नाहीत. 1955 मधलं, टीव्हीमुळे गाजलेल्या डेव्ही क्रॉकेट या अमेरिकन वीराच्या टोप्यांचं वेड असो की बेसबॉलचे नियम, सगळं आपणच शोधायचं. इतक्या प्रेमाने केलेल्या प्रकल्पात मागे दहा पानं टिपा द्यायला हव्या होत्या, हे मला अजूनही खटकतं.

त्याची भरपाई म्हणून प्रत्येक खंडाच्या शेवटी सूची आहे आणि ती खरंच कामाची आहे. पतंग, पाऊस, बीथोव्हेन, शाळा, पात्रांची नावं, असं काहीही बघून नेमक्या पानावर जाता येतं. माझी भाची सुट्टीत आली होती, तिला फक्त स्नूपी हवा होता, तिने सूची उघडली आणि दुपारभर तेवढीच पानं काढून वाचली. नववीतल्या मुलीला इंग्रजी कुठे अडलं नाही.

1967-68 चा खंड वेगळा सांगायला हवा. मार्टिन ल्यूथर किंगची हत्या 4 एप्रिल 1968 ला झाली, त्यानंतर काही दिवसांतच लॉस एंजेलिसच्या हॅरिएट ग्लिकमन या शिक्षिकेने शुल्झला पत्र लिहिलं की तुमच्या मुलांमध्ये एक कृष्णवर्णीय मूल आणा. शुल्झने कळवलं की आणायला आवडेल पण त्यात वरून उपकार केल्यासारखं वाटेल अशी भीती आहे. ग्लिकमनबाईंनी आपल्या कृष्णवर्णीय मित्रांना लिहायला सांगितलं, आणि 31 जुलै 1968 ला समुद्रकिनाऱ्यावर फ्रँकलिन आला, चार्ली ब्राऊनचा पाण्यात गेलेला बॉल घेऊन. भाषण नाही, गाजावाजा नाही, दोन पोरं वाळूचा किल्ला करतात आणि फ्रँकलिन सांगतो की बाबा व्हिएतनामला आहेत. पुढे त्याला इतर मुलांबरोबर एकाच शाळेत दाखवल्यावर दक्षिणेकडच्या एका संपादकाने तक्रार केली होती. रोजच्या क्रमाने वाचत तिथे पोचलं की तो जुलै महिना कसा असेल याचा अंदाज येतो, सुट्या निवडक पुस्तकात हे होत नाही.

काय आवडलं नाही ते पण सांगतो. रविवारच्या स्ट्रिप्स पेपरात रंगीत यायच्या, इथे त्या काळ्यापांढऱ्या आहेत. रेषा नीट दिसते हे खरं पण 1952 पासून ज्या रंगीत आल्या त्या रंगीतच बघाव्याशा वाटतात, त्यासाठी याच प्रकाशकाची रंगीत रविवारांची वेगळी मालिका घ्यावी लागते. पहिल्या खंडातल्या काही स्ट्रिप्स धूसर आहेत. आणि 26 खंडांना लागणारी जागा आणि पैसा, दोन्हीचा विचार करूनच घ्या.

आमच्या पिढीला पेपर उघडला की आधी कॉमिक बघायची सवय लावली ती चिंटूने. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू 1991 मध्ये सकाळमध्ये सुरू झाला, आणि पप्पू, मिनी, बगळ्या, जोशीकाकू हे आमच्या बिल्डिंगमधले वाटायचे. वडिलांच्या वेळचे इंद्रजालचे मराठी अंक, वेताळ आणि मँड्रेक, तेही मुळात अमेरिकेतल्या पेपरातल्या रोजच्या स्ट्रिप्सच होत्या हे मला बरंच उशिरा कळलं. पीनट्सचे हे खंड वाचताना सारखं वाटतं की चिंटूची पण अशी तारीखवार, सूचीसकट, एकही दिवस न गाळता मालिका असावी. संग्रह आहेत, पण असं सलग पाहिजे.

शेवटच्या स्ट्रिप्सचा 1999-2000 चा खंड मी मधले सगळे सोडून मुद्दाम घेतला. रेषा कापरी आहे, शुल्झचा हात कित्येक वर्षं थरथरत होता आणि ते लपवलेलं नाही. ऑक्टोबर 1999 मध्ये फुटबॉल धरलेल्या लूसीला घरातून हाक येते, ती धाकट्या भावाकडे, रीरनकडे, बॉल देऊन जाते, आणि परत आल्यावर काय झालं विचारते तर तो म्हणतो, तुला कधीच कळणार नाही. पुढच्या महिन्यात शुल्झ आजारी पडला, डिसेंबरमध्ये निवृत्ती जाहीर केली, आणि 12 फेब्रुवारीच्या रात्री गेला, दुसऱ्या दिवशी शेवटची स्ट्रिप छापून आली. नंतर दुसऱ्या कुणी पेपरातली पीनट्स काढायची नाही हे आधीच ठरलेलं होतं आणि ते पाळलं गेलं. याच खंडात लिल फोक्सची सगळी चित्रं पण दिलीत, त्यामुळे सुरुवात आणि शेवट दोन्ही एकत्र बघायला मिळतात.

एकच खंड घ्यायचा असेल तर पहिला घेऊ नका, 1959-60 चा घ्या. लूसीचा पाच सेंटवाला सल्ल्याचा ठेला, ग्रेट पम्पकिनची पहिली रात्र, चार्ली ब्राऊनच्या बहिणीचा म्हणजे सॅलीचा जन्म, सगळं यात आहे आणि रेषा अगदी भरात आहे. पेपरबॅक आवृत्ती मिळाली तर तीही चालेल, आतली पानं तीच आहेत, फक्त आडवं पुस्तक झोपून वाचायचं तर हार्डकव्हर हातात जास्त नीट उभं राहतं.