साडेतीन इंची रेट्रो हँडहेल्ड: नऊ महिन्यांच्या वापरानंतर (आणि शिरोरेघेबद्दल जरा जास्तच)

हा अनुभव मी वर्ष पूर्ण झाल्यावर लिहिणार होतो, परंतु गेल्या पंधरवड्यात जुने व्हिडिओ खेळ चालवणारे हे हातात मावणारे यंत्र बंद पडले, दुरुस्तीवाल्याने ते मृत घोषित केले आणि दोन दिवसांनी ते घरी एका जुन्या वायरने जिवंत झाले, त्यामुळे आत्ताच लिहीत आहे. यंत्राचे नाव मुद्दाम देत नाही. ६४० × ४८० चा पडदा, लिनक्सवर आधारलेले फर्मवेअर (यंत्र चालवणारे मूळ सॉफ्टवेअर) आणि दोन मेमरी कार्डांच्या खाचा असलेली एकाच साच्यातली कितीतरी यंत्रे बाजारात आहेत, आणि वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे त्यांतलेच एखादे असणार. मी त्यासाठी ५,६०० रुपये मोजले.

सोबत आलेल्या कार्डात हजारो खेळ भरलेले होते. ते कोणाच्या परवानगीने भरले, हा प्रश्न विक्रेत्याला विचारण्यात अर्थ नसल्याने मी ते कार्ड पहिल्याच दिवशी काढून ठेवले आणि दुकानातून चांगले ३२ जीबीचे कार्ड आणून त्यावर फर्मवेअर नव्याने टाकले. मला हे यंत्र हवे होते ते स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम चालवण्यासाठी. गेम बॉय ॲडव्हान्स हे निन्टेंडोचे २००१ सालचे हातात धरून खेळायचे यंत्र मला त्या दृष्टीने फार आवडते: १६.७८ मेगाहर्ट्झचा एआरएम७ प्रोसेसर, २५६ केबी आणि ३२ केबी असे कामाच्या मेमरीचे दोन तुकडे, २४० × १६० चा पडदा. एकट्या माणसाला रिकाम्या वेळात समजून घेता येईल एवढाच त्याचा पसारा आहे. सी भाषेत लिहायचे, डेव्हकिटएआरएम या साधनसंचाने कंपाइल करायचे, म्हणजे यंत्राला कळेल अशा रूपात आणायचे, तयार झालेली फाइल कार्डावर टाकायची आणि रेट्रोआर्क या प्रोग्रॅममधल्या एमजीबीए कोअरवर, म्हणजे गेम बॉय ॲडव्हान्सची नक्कल करणाऱ्या इम्युलेटरवर, चालवायची. रात्री लिहिलेला भाग सकाळी घणसोलीहून ठाण्याला जाताना गाडीत तपासायचा, हा माझा नऊ महिन्यांचा क्रम आहे. बसायला जागा मिळाली नाही तर तपासणी एका हाताने होते, आणि त्यासाठी यंत्राचा आकार अगदी योग्य आहे.

बटणे ठीक आहेत. तिरकी दिशा दाबताना कधी कधी चूक होते. बॅटरी मला साधारण पाच तास पुरते. आवाजाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

आता पडद्याबद्दल. २४० चे ६४० करायचे म्हणजे प्रत्येक पिक्सेल २.६७ पट, म्हणजे आठ-तृतीयांश पट वाढवायचा. पिक्सेलचे तुकडे करता येत नसल्यामुळे इम्युलेटर पिक्सेलांच्या काही ओळी तीन पिक्सेल जाडीच्या काढतो आणि काही दोन. धावत्या-उड्या मारत्या खेळात हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि माझ्याही आले नसते. परंतु मी बनवत होतो तो मराठी शब्द जुळवण्याचा खेळ होता, आणि तो आईसाठी होता. आईने तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले आहे. पहिली आवृत्ती हातात घेतल्यावर तिने शब्द जुळवले नाहीत, चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, “अरे, ही शिरोरेघ वरच्या ओळीत जाड आणि खालच्या ओळीत बारीक का आहे? टाक बदललास का मध्येच?”

लॅपटॉपवर मी खिडकी नेमकी तिप्पट ठेवत असल्यामुळे हा दोष मला कधी दिसलाच नव्हता. एकदा दिसल्यावर मात्र तो मला सर्वत्र दिसू लागला. लॅटिन अक्षरांत अशी सलग आडवी रेघ नसते, म्हणून तिथे हे खपून जाते. आपल्याकडे पूर्ण शब्द त्या एका रेघेला टांगलेला असतो, आणि मजकूर वर सरकू लागला की ती रेघ श्वास घेतल्यासारखी फुगते आणि आकसते.

मी बायलिनियर फिल्टर (शेजारच्या पिक्सेलांचे रंग मिसळणारा) लावून पाहिला. जाडी सारखी झाली, पण अक्षरे पावसात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखी दिसू लागली. पूर्णांकी पट, म्हणजे नेमकी दुप्पट, लावली, तर चित्र ४८० × ३२० एवढेच उरते, म्हणजे कर्णात मोजल्यास सुमारे अडीच इंच. मूळ यंत्राचा पडदा २.९ इंचांचा होता. साडेतीन इंचांचे पैसे देऊन २००१ सालापेक्षाही लहान चित्र पाहायचे, हे माझ्या हिशेबात बसेना. त्या महिन्यात कोणी विचारले असते तर मी हे यंत्र घेऊ नका असेच सांगितले असते, आणि एका ओळखीच्या मुलाला तसे सांगितलेही.

तो सल्ला आता मी मागे घेतो, निदान अर्धा तरी. पट आठ-तृतीयांश आहे, म्हणजे जाड-बारीक ओळींचा क्रम दर तीन ओळींनी पुन्हा येतो. प्रत्येक शिरोरेघ तीनने भाग जाणाऱ्या पिक्सेल-ओळीवर ठेवली, तर ती नेहमी तीन पिक्सेलांचीच निघणार. गेम बॉय ॲडव्हान्सचे टाइल (ज्यांतून चित्र रचले जाते ते चौकोन) ८ × ८ पिक्सेलांचे असतात, म्हणून मजकुराच्या दोन ओळींतले अंतर आठनेही भागले जायला हवे. मी ते २४ ठेवले. आता शिरोरेघ ६, ३०, ५४ अशा ओळींवर पडते, वरच्या सहा ओळींत वेलांटी आणि मात्रा बसतात, खाली उकाराला जागा राहते, आणि मजकूर सरकवायचा तो तीन-तीन पिक्सेलांनी. पडद्यावर मजकुराच्या सहा ओळी मावतात. जोडाक्षरे तयार करून देणारे काहीही या यंत्रात नसल्यामुळे क्ष, ज्ञ, त्र, श्र यांच्यासह प्रत्येक अक्षर मी हाताने काढले. पहिली वेलांटी युनिकोडमध्ये व्यंजनानंतर साठवलेली असते आणि काढायची आधी असते, या एका गोष्टीने माझे दोन रविवार खाल्ले. आडव्या दिशेचा दोष, म्हणजे कान्याची जाडी, अजून शिल्लक आहे. अक्षरांच्या रुंदी वेगवेगळ्या असल्याने तिथे ही युक्ती चालत नाही.

७२० × ४८० पडद्याची यंत्रे आता मिळतात. त्यांवर २४० × १६० नेमके तिप्पट बसते आणि हा सगळा खटाटोप वाचतो. ज्यांना मुख्यतः गेम बॉय ॲडव्हान्ससाठीच यंत्र घ्यायचे आहे, त्यांनी तेच घ्यावे. मी घेणार नाही, कारण खटाटोप करून झाला आहे आणि ५,६०० रुपयेही गेलेले आहेत.

राहिला बंद पडण्याचा प्रकार. सोबतची वायर मी गावी विसरलो आणि यंत्राला नव्या मोबाइलच्या चार्जरला लावले, ज्याच्या वायरची दोन्ही टोके सी प्रकारची (यूएसबी-सी) आहेत. दिवा लागला नाही. विक्रेत्याने यंत्र स्वखर्चाने परत पाठवण्यास सांगितले. ठाणे स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याने तपासणीचे २०० रुपये आधी घेतले, दोन दिवस ठेवून घेतले आणि बोर्ड गेला आहे, १,४०० लागतील, असे सांगितले. मी नकार देऊन यंत्र परत आणले. दोन दिवसांनी, निव्वळ चिकाटीने, घरातल्या जुन्या मोबाइलच्या चपट्या टोकाच्या (यूएसबी-ए) चार्जरला लावले आणि दिवा लागला.

कारण साधे आहे. सी टोकाचा चार्जर समोरच्या यंत्रात ५.१ किलोओमचे रेझिस्टर आहेत का हे आधी पाहतो आणि ते आढळल्याशिवाय वीज सोडत नाही. चपट्या टोकाचा जुना चार्जर असे काही पाहत नाही, सरळ पाच व्होल्ट देतो. माझ्या यंत्रात काही पैशांचे ते दोन रेझिस्टर बसवलेलेच नाहीत. बोर्डाला काहीही झालेले नव्हते.

दुरुस्तीवाल्याकडे मी २०० रुपये परत मागायला गेलो. त्याचे म्हणणे असे की तपासणी तर झालीच होती. कोणत्या वायरने केली, असे विचारल्यावर त्याने टेबलावरची वायर दाखवली. तिची दोन्ही टोके सी प्रकारची होती. पैसे मिळाले नाहीत. चपट्या टोकाची वायर आता मी यंत्राच्या पिशवीतच रबर बँड लावून ठेवतो, आणि आई खेळाच्या अकराव्या पातळीवर आहे, जिथे तिला माझ्या शब्दयादीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका सापडल्या आहेत.