पास इंटरफिअरन्सवर रिप्ले हवा की नको? मत ठरवण्याआधी तीन वाटांची तुलना

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये पास इंटरफिअरन्सचा (फेकलेला चेंडू झेलण्यात आणलेल्या अडथळ्याचा) निर्णय रिप्लेवर तपासू द्यावा का, याबद्दल तुमचं मत अजून पक्कं झालं नसेल, तर आधी शिक्षेचा आकार बघा. बहुतेक फाउलना पाच, दहा किंवा पंधरा यार्डांची शिक्षा असते. बचाव करणाऱ्या खेळाडूने चेंडू पोचण्याआधीच रिसीव्हरला (पास झेलणाऱ्या खेळाडूला) अडवलं, तर मात्र चेंडू थेट फाउलच्या जागी नेतात आणि वर नवा फर्स्ट डाउन, म्हणजे दहा यार्ड पुढे जाण्यासाठी नव्याने चार प्रयत्न, मिळतो. पन्नास यार्ड पुढे घडलं तर पन्नास यार्ड, एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या, गुण मिळवायच्या पट्ट्यात) घडलं तर चेंडू एक यार्डाच्या रेषेवर. आणि हे सगळं ठरतं धावत असलेल्या एका पंचाच्या नजरेवर.

पहिली वाट आजची आहे: मैदानावर जे दिलं तेच अंतिम. खेळ रेंगाळत नाही आणि निर्णयाची जबाबदारी कोणाची हे स्पष्ट असतं. पण या वाटेची किंमत किती असू शकते, ते 20 जानेवारी 2019 रोजी न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये दिसलं. न्यू ऑर्लिन्सचा संघ सेंट्स आणि लॉस एंजेलिसचा रॅम्स 20-20 बरोबरीत होते, दोन मिनिटांहूनही कमी वेळ उरला होता आणि सेंट्सचा थर्ड डाउन (तिसरा प्रयत्न) रॅम्सच्या 13 यार्डांवर होता. रॅम्सच्या निकेल रोबी-कोलमनने चेंडू येण्याच्या कितीतरी आधी सेंट्सच्या टॉमीली लुईसला धडक दिली. फाउल दाखवणारा पंचांचा झेंडा पडलाच नाही. तो पडला असता तर सेंट्स घड्याळ जवळपास संपवून सोपी किक मारू शकले असते. प्रत्यक्षात त्यांना लगेच फील्ड गोलवर (किकच्या तीन गुणांवर) समाधान मानावं लागलं, रॅम्सने बरोबरी साधली आणि ओव्हरटाइममध्ये ग्रेग झुर्लाइनच्या 57 यार्डांच्या किकवर 26-23 असा सामना जिंकून सुपर बोल ही अंतिम लढत गाठली. चूक झाली हे लीगनेही मान्य केलं, पण मैदानावर ती दुरुस्त करायला मार्गच नव्हता. माझ्या मते ‘पंचांच्या चुका खेळाचाच भाग’ हे वाक्य इथे अपुरं पडतं. लाखो लोकांना घरबसल्या दिसलेली गोष्ट फक्त मैदानावरच्या पंचांना पाहता येऊ नये, याचं समर्थन करता येत नाही.

दुसरी वाट या घटनेतूनच निघाली. मार्च 2019 मध्ये संघमालकांनी 31 विरुद्ध 1 मतांनी एका वर्षापुरता नियम केला. पास इंटरफिअरन्स, अगदी न दिलेला फाउलसुद्धा, रिप्लेवर तपासता येईल. प्रशिक्षकाने चॅलेंज करायचं (निर्णयाला आव्हान द्यायचं), शेवटच्या दोन मिनिटांत ते काम रिप्ले अधिकाऱ्याचं, आणि अंतिम शब्द लीगच्या न्यू यॉर्कच्या कार्यालयाचा. विरोधात मत दिलं एकट्या सिनसिनाटी बेंगल्सने.

कागदावर हे बिनतोड वाटतं. व्यवहारात मात्र कुठला स्पर्श ‘स्पष्टपणे’ आणि ‘लक्षणीय’ अडवणारा, हे आठवड्यागणिक बदलत असल्यासारखं वाटू लागलं. नोव्हेंबरमध्ये बाल्टिमोरच्या मार्लन हम्फ्रीने ह्यूस्टनच्या डिआंद्रे हॉपकिन्सला चेंडू येण्याआधी धरलेलं सगळ्यांनी पाहिलं, चॅलेंजही झालं, तरी निर्णय बदलला नाही. 5 जानेवारी 2020 रोजी तर नियम ज्यांच्यामुळे झाला त्या सेंट्सवरच, त्याच सुपरडोममध्ये, पुन्हा तीच वेळ आली. ओव्हरटाइममध्ये व्हायकिंग्जच्या काइल रुडॉल्फने बचावपटूला हाताने दूर लोटून विजयी टचडाउनचा पास पकडला. न्यू यॉर्कने पाहिलं, फाउल दिला नाही, सेंट्स 26-20 ने हरून स्पर्धेबाहेर गेले. त्या उन्हाळ्यात नियमाची मुदत वाढवलीच नाही.

इथे बरेच चाहते ‘कॅमेरा असून काय उपयोग’ म्हणतात. मला दोष कॅमेऱ्यात दिसत नाही. पाय रेषेच्या आत होता का, चेंडू जमिनीला लागला का, याला हो किंवा नाही असं उत्तर असतं. अडथळा किती झाला याला नसतं, आणि स्लो मोशनमध्ये जर्सीवरचा प्रत्येक हात ओढल्यासारखा दिसतो. आपल्याकडे आयपीएलने हे अनुभवलं आहे. 22 एप्रिल 2022 रोजी वानखेडेवर कमरेच्या उंचीच्या फुलटॉसवर नो-बॉल न दिल्याने ऋषभ पंत फलंदाजांना परत बोलावू लागला होता. 2023 पासून नो-बॉलवर रिव्ह्यू घेता येऊ लागला, पण वाद खरा आटोक्यात आणण्याचा प्रयत्न 2024 मध्ये झाला, फलंदाजांच्या कमरेची उंची आधीच मोजून ठेवली तेव्हा. पास इंटरफिअरन्समध्ये अशी मोजण्याजोगी कंबर नाही.

चॅलेंज ठेवूनही गाडी चालवता येते, हे कॅनडाच्या सीएफएल या लीगने दाखवलं. त्यांनी एनएफएलच्या पाच वर्षं आधी, 2014 मध्येच, पास इंटरफिअरन्सवर चॅलेंज आणलं. पण प्रशिक्षक फाउल सापडतो का बघू म्हणून चॅलेंज टाकू लागले, सामने लांबले, आणि 2017 च्या हंगामाच्या मध्यावरच चॅलेंजची संख्या दोनवरून एकवर आणावी लागली.

तिसरी वाट मला सर्वांत पटते: वर बूथमध्ये बसलेला आठवा पंच. तो मैदानावरच्या सात जणांचाच सहकारी असतो, पडद्यावर खेळ नेहमीच्या वेगात पाहतो आणि ढळढळीत चूक दिसली तर लगेच कानात सांगतो. चॅलेंज नाही, टाइमआउट नाही, न्यू यॉर्कची वाट पाहणं नाही. 2019 च्या वसंतात अलायन्स ऑफ अमेरिकन फुटबॉलने असा ‘स्काय जज’ वापरला. ती लीग पैशाअभावी हंगाम पूर्ण होण्याआधीच बंद पडली, त्यामुळे पुरावा तोकडा आहे हे खरं. 2020 मध्ये रेव्हन्स आणि चार्जर्स या संघांनी अशाच धर्तीचा प्रस्ताव एनएफएलपुढे ठेवला, तो मंजूर झाला नाही. लुईसवरची धडक अशा पंचाला दुसऱ्यांदा बघावीसुद्धा लागली नसती. रुडॉल्फचा हात कदाचित त्यानेही सोडून दिला असता, आणि मला ते चालेल, कारण नेहमीच्या वेगात जे संशयास्पद वाटतं ते मैदानावरच्या निर्णयाकडेच राहायला हवं.

कॉलेज फुटबॉलप्रमाणे शिक्षा पंधरा यार्डांवर थांबवावी, असंही एक मत आहे. त्याने चुकीच्या झेंड्याचा फटका कमी होतो, पण न पडलेल्या झेंड्यावर त्याचा काही इलाज नाही. शिवाय लांब पासवर हरलेला बचावपटू मुद्दाम रिसीव्हरला पाडून पंधरा यार्ड आनंदाने देईल.

तेव्हा तुम्हाला सामन्याचा ओघ सर्वांत महत्त्वाचा वाटत असेल तर आजचा नियम धरा, पण सुपरडोमसारखी रात्र पुन्हा येईल हे स्वीकारून. प्रत्येक निर्णयाला दाद मागण्याचा हक्क हवा असेल तर चॅलेंज निवडा, तेही सीएफएलने 2017 मध्ये केलं तसं सामन्यात एकच. आणि फक्त उघड अन्याय थांबवायचा असेल, तर बूथमधल्या पंचासाठी आग्रह धरा, आणि त्याला पडलेला झेंडा मागे घेण्याबरोबर न पडलेला झेंडा टाकण्याचाही अधिकार मागा, कारण जानेवारी 2019 च्या त्या सामन्यात नेमका तोच कोणाकडे नव्हता.