वाशीचा हेरिटेज वॉक, गाईडपेक्षा आईच भारी

रविवारी सकाळी आईला घेऊन एका ग्रुपच्या वॉकला गेलो, माणशी ३०० रुपये. गाईड पोरगा तयारीचा, १९७० ला नवी मुंबई वसवणारी सिडको, १९७३ ला खाडीपूल, ट्रेन मात्र थेट १९९२ ला, सगळं तोंडपाठ. पण खरी मजा आईने आणली, बैठ्या घरांपाशी थांबून म्हणाली अरे तेव्हा मानखुर्दला उतरून बसची वाट बघत बसायचो, रात्री तर रिक्षा पण नसायची, झालं, अर्धा ग्रुप तिच्याचभोवती.

एक खटकलं. पहिले रहिवासी म्हणजे काय फक्त आपण फ्लॅटवाले? ज्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी घेतली, त्यांचं जमिनीच्या मोबदल्यासाठीचं १९८४ चं जासईचं आंदोलन, त्याचे नेते दि. बा. पाटील, यावर दोन मिनिटं पण नाही. चहा कोमट. ३ स्टार, त्यातला एक आईचा.