टॅबलेटवर टेक्स विलर : काही महिन्यांच्या वाचनानंतर

इटालियन वेस्टर्न कॉमिक्स, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेतल्या घोडेस्वार-बंदूकवाल्यांच्या इटलीत बनलेल्या चित्रकथा, डिजिटलमध्ये वाचायची की नाही, या प्रश्नाला माझं उत्तर आता पक्कं 'हो' आहे. पावसाळ्यात सुरू केलेलं हे वाचन उन्हाळा लागला तरी चालूच आहे. नायक नेहमीचे : टेक्स विलर, झागोर, केन पार्कर, अधूनमधून ब्लेक आणि कॅप्टन मिकी. वाचता वाचता एक गोष्ट मनात ठाम बसली. ही कॉमिक्स कागदासाठी बनली खरी, पण आजच्या पडद्यांवर ती जेवढी नीट बसतात तेवढी दुसरी कुठलीच युरोपियन चित्रकथा मला बसलेली दिसली नाही. फक्त पडदा योग्य हवा, प्रत चांगली हवी, आणि पान अखंड बघायला हवं.

पडद्यापासून सुरुवात करतो. टेक्स छापणाऱ्या मिलानच्या बोनेली प्रकाशनाचा ठरलेला अंक १६ बाय २१ सेंटिमीटरचा, काळा-पांढरा, शंभरावर पानांचा. १०.२ इंची, ४:३ प्रमाणाच्या टॅबलेटचा पडदा पट्टी लावून मोजला तर साधारण साडेपंधरा बाय पावणेएकवीस भरतो. म्हणजे छापलेलं पान जवळजवळ मूळ मापात समोर येतं. झूम नको, सरकवणं नको. मोठ्या पानांचा फ्रेंच-बेल्जियन कॉमिक्स अल्बम याच टॅबलेटवर उघडला की संवादाच्या फुग्यांमधली अक्षरं बारीक होतात आणि सगळा वेळ बोटं ताणण्यात जातो. लांबट, १६:१० प्रमाणाचा टॅबलेट असेल तर मात्र हा फायदा जातो, वर-खाली नुसत्या काळ्या पट्ट्या उरतात. या कॉमिक्ससाठीच टॅबलेट घेणार असाल तर प्रोसेसर नंतर बघा, आधी पडद्याचं प्रमाण बघा.

फोनवर वाचायची मला आशा नव्हती. पण टेक्सचा जन्म कसा झाला ते आठवलं आणि फोन आडवा धरून पाहिला. पहिला अंक आला ३० सप्टेंबर १९४८ रोजी. लेखक जान लुईजी बोनेली, चित्रकार आउरेलिओ गालेप्पिनी, म्हणजे सगळ्यांचा गालेप. युद्धानंतरच्या इटलीत कागद महाग आणि पोरांच्या खिशात चिल्लर, म्हणून अंक काढला तो पट्टीएवढा : सुमारे १७ बाय ८ सेंटिमीटर, एका पानावर चौकटींची एकच ओळ. पुढे मोठ्या आकारात पुनर्मुद्रण करताना अशा तीन ओळी एकाखाली एक रचल्या, आणि तीन ओळींचं ते पान बोनेलीच्या अंकांची ओळखच झालं. आडव्या धरलेल्या फोनचा पडदा जवळपास त्या जुन्या पट्टीएवढाच असतो. पान रुंदीभर मोठं केलं की एका वेळी एकच ओळ दिसते, आणि १९४८ च्या वाचकाला ती जशी मिळाली तशीच आपल्याला मिळते. त्या काळच्या गोष्टींमध्ये जवळपास प्रत्येक ओळीच्या शेवटी काहीतरी अडकवून ठेवलेलं असतं : दाराआडची सावली, घोड्यांच्या टापा, पाठीमागून रोखलेली बंदूक. टॅबलेटवर अखंड पान बघताना हे नजरेतून सुटून जातं. आडव्या फोनवर प्रत्येक झटका जाणवतो.

एकेक चौकट आपोआप मोठी करून दाखवण्याची सोय बहुतेक अ‍ॅपमध्ये असते. ती बंद करा. साधारण सहा चौकटींच्या पानात चित्रकार दोन चौकटी एकत्र करून दरीचं दृश्य देतो, तेव्हा आधीच्या लहान चौकटी डोळ्यांसमोर असतील तरच ती दरी रुंद वाटते. सगळ्या चौकटी एकाच मापाच्या झाल्या की सगळं सपाट होतं. सिएनाच्या जोव्हान्नी तिच्चीसारख्या चित्रकाराच्या बाबतीत तर हा अन्याय आहे. त्याचे घोडेस्वार लहान असतात आणि मुलूख अफाट.

रंगीत आवृत्तीबद्दल माझं मत थोडं कडक आहे. २००७ पासून 'ला रेपुब्लिका' दैनिकासोबत टेक्सच्या जुन्या कथा क्रमाने रंगीत स्वरूपात निघाल्या आणि त्यामुळे पुष्कळ नवे वाचक आले, हे चांगलंच झालं. तरीही पडद्यावर वाचायचं असेल तर काळी-पांढरीच प्रत घ्या. गालेप अर्धी चौकट शाईने भरून टाकायचा आणि त्या अंधारात टोपीची कड आणि पिस्तुलाची नळी एवढंच पांढरं सोडायचा. त्या काळ्यावर निळसर रंग चढवला की रात्रीचा दबाव जातो. शाईच्या रेषेला पडद्यावर एक फायदाही आहे : राखाडी ठिपक्यांचे पट्टे फारसे नसल्यामुळे लहान-मोठं करताना पान झिरमिरत नाही. म्हणूनच ई-इंक, म्हणजे कागदासारखा पडदा असलेल्या ई-रीडरवरसुद्धा हे अंक सुंदर दिसतात. डोळे थकत नाहीत, काळा रंग कागदासारखा बसतो. पान उलटायला जरा वेळ लागतो, आणि मागच्या पानाची पुसट छाया राहते ती रात्रीच्या दृश्यांत खटकते.

प्रत निवडताना अजून एक बघा. साठच्या दशकात इटलीत मुलांच्या मासिकांवर नैतिकतेची हमी देणारी मोहोर लावण्याची पद्धत आली, आणि पुनर्मुद्रणांत जुनी चित्रं गुपचूप बदलली गेली. बायकांचे कपडे लांब झाले, काही हातांतली शस्त्रं गेली, टेक्सची तिखट वाक्यं मवाळ झाली. डिजिटलमध्ये दोन पुनर्मुद्रणांची पानं शेजारी शेजारी ठेवता येतात. रोखलेला हात दिसतो आणि त्यात काहीच नसतं, तेव्हा आधी काय होतं ते शोधायला मी बराच वेळ घालवला आहे. तो वेळ मजेत गेला.

आता खुद्द टेक्सबद्दल. रेंजर, म्हणजे कायद्याचा रखवालदार, आणि नवाहो या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांचा प्रमुख, अशा त्याच्या दोन भूमिका. नवाहो त्याला रात्रीचा गरुड म्हणतात. बायको लिलिथ नवाहो, मुलगा किट, सोबती टायगर जॅक आणि कायम कुरकुरणारा किट कार्सन. सलग वाचलं तर हे लवकर पाठ होतं, आणि जाडजूड स्टेक, वर बटाट्याच्या तळलेल्या कापांचा डोंगर हे जेवण ठरावीक अंतराने येणारच. एका दमात दहा अंक वाचू नका. हे मासिक आहे, महिन्याची भूक धरून लिहिलेलं. पण 'सांग्वे नवाहो' (नवाहो रक्त) ही कथा वाचाच. धावत्या रेल्वेतून गंमत म्हणून नवाहो पोरांवर गोळ्या झाडल्या जातात आणि टेक्स गोऱ्यांच्या सैन्याविरुद्ध नवाहोंच्या बाजूने उभा राहतो. लढाईइतकाच वर्तमानपत्राचाही आधार घेतो. मुलांच्या मासिकात साठच्या दशकात हे छापलं गेलं. 'इल जुरामेन्तो' (शपथ) या कथेमध्ये देवीच्या रोगाने दूषित केलेल्या घोंगड्या येतात, लिलिथ जाते, आणि त्या कथेतला टेक्स मी नंतर कधी विसरू शकलो नाही.

इथे डिजिटलचा सगळ्यात मोठा फायदा कळतो. बोनेलीच्या कथा अंकाच्या पानांना बांधलेल्या नसतात. एक कथा अंकाच्या मधोमध संपते, तिथेच दुसरी सुरू होते आणि पुढच्या दोन-तीन अंकांत पसरते. कागदावर मधला अंक मिळाला नाही की सगळं खोळंबतं. सदस्यत्वाच्या सेवेत पुढचा अंक एका बोटावर. सुटे अंक विकत घेत असाल तर मात्र कथा कुठून कुठे जाते ते आधी तपासून घ्या, नाहीतर शेवटाविनाच पैसे जातील.

केन पार्कर वेगळ्या जातीचा. जानकार्लो बेरार्दी आणि इव्हो मिलाझ्झो यांनी १९७७ मध्ये सुरू केला, पहिली मालिका ५९ अंकांची, १९८४ पर्यंत. चेहरा रॉबर्ट रेडफोर्डवर बेतलेला, हातात जुनी, एकबारी लांब बंदूक. हा माणूस चुकतो, थकतो, पुस्तकं वाचतो. 'आदा' या अंकात गुलाम म्हणून जन्मलेली काळी स्त्री स्वतःची गोष्ट सांगते आणि केन बाजूला उभा असतो. 'शोपेरो' (संप) या अंकामध्ये बॉस्टनच्या गिरणी कामगारांचा संप आहे. तो लढा ज्या वळणावर जातो, तिथून केन कायद्याच्या नजरेत फरारी होतो. मुंबईच्या गिरण्यांची आठवण असलेल्या घरात वाढलेल्या वाचकाला हा अंक परका वाटणार नाही. मिलाझ्झो कमीत कमी रेषा वापरतो आणि पानंच्या पानं शब्दांशिवाय ठेवतो. अशा पानावर पडद्याचा उजेड कमी करून थांबायचं असतं.

भाषेची अडचण खरी आहे. इंग्रजीत थोडेच खंड आहेत, बहुतेक साठा इटालियनमध्ये. फुग्यांतली अक्षरं चित्राचाच भाग असल्याने शब्द निवडून कोशात बघता येत नाही, आणि फोनच्या कॅमेऱ्याने केलेलं भाषांतर कॅपिटल अक्षरांत गोंधळतं. प्राथमिक इटालियन येत असेल तर टेक्स महिनाभरात सुटसुटीत होतो, कारण बोलणं ठरावीक वळणाचं आहे. केन पार्करला वेळ लागतो. आपल्याकडे तमिळ वाचक या बाबतीत भाग्यवान. शिवकाशीच्या लायन-मुथु कॉमिक्सने टेक्स तमिळमध्ये वर्षानुवर्षं छापला. मराठीत इंद्रजालमधून वेताळ घरोघर पोचला, टेक्सला तो रस्ता मिळाला नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तक्रारीही आहेत. मी वापरतो त्यातल्या एका अ‍ॅपने अपडेटनंतर सगळ्या वाचनखुणा पुसल्या. मदतकेंद्राकडून उत्तर आलं, खुणा आल्या नाहीत. परदेशी चलनात पैसे भरताना कार्डावर वरचा आकार लागतो तो वेगळाच. सदस्यत्व थांबवलं की उतरवून घेतलेले अंकही उघडत नाहीत, तेव्हा जे पुन्हापुन्हा वाचायचं ते विकतच घ्यावं. आणि काही जुने अंक इतक्या कमी स्पष्टतेचे आहेत की बारीक रेषा पायरीपायरीने तुटते.

हे सगळ्यात जास्त भोवतं टेक्सच्या मोठ्या आकाराच्या विशेषांकांना, ज्यांना तिकडे 'तेक्सोने' म्हणतात. पहिला १९८८ चा, गुइदो बुझ्झेल्लीचा. नंतर जो क्युबर्टसारखा अमेरिकन दिग्गजही या मालिकेसाठी चित्रं काढून गेला. यातला मॅग्नुसचा, म्हणजे रोबेर्तो राव्हिओलाचा अंक स्पष्ट प्रतीतच घ्या. 'ला व्हाल्ले देल तेर्रोरे' काढायला त्याने सुमारे सात वर्षं घेतली. १९९६ मध्ये तो गेला आणि अंक त्यानंतर बाहेर पडला. झाडाचं पान न् पान, छपराची फळी न् फळी त्याने वेगळी काढली आहे. टॅबलेटवर हे पान आखडतं, पण प्रत चांगली असेल तर झूम करून त्या रेषांमध्ये तासभर हिंडता येतं.

कुठल्याही सेवेचं सदस्यत्व घेण्याआधी एक महिन्याचंच घ्या. रात्रीचं दृश्य असलेलं गालेपचं एक पान उघडा, दुप्पट मोठं करा, घोड्याच्या आयाळीची रेष अखंड दिसते का बघा. दिसली तर वर्षाचे पैसे भरा. मग 'आदा'पासून सुरुवात करा, त्यानंतर 'सांग्वे नवाहो', आणि मॅग्नुस सुट्टीच्या दिवसासाठी ठेवा.