एलिनॉर खोलीतून पळत नाही

मी घरातली थोरली. त्यामुळे असेल, पण 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' पाहताना माझी नजर त्यातल्या थोरल्या बहिणीवरून, एलिनॉरवरून हलत नाही. जेन ऑस्टिनच्या १८११ च्या कादंबरीवर अँग ली यांनी १९९५ मध्ये केलेला हा चित्रपट. पटकथा एमा थॉम्पसनची, आणि एलिनॉरही तीच. पटकथेला ऑस्कर मिळालं, ते अगदी योग्य जागी गेलं.

सुरुवातच बघा. वडील जातात, इस्टेट सावत्र भावाकडे जाते. बहिणींना सांभाळीन, असा शब्द त्याने दिलेला. ३००० पौंड द्यायचं मनातही असतं. पण बायको एकेक पायरी खाली उतरवत नेते. १५००, मग वर्षाला १००, मग अधूनमधून थोडेफार. कादंबरीत हे एका बैठकीतलं बोलणं आहे. इथे ते घोडागाडीच्या प्रवासावर पसरलंय, आणि गाडी पोचेपर्यंत बहिणींच्या वाट्याचं सगळं आटलेलं असतं.

माझा जीव मात्र जिन्यातल्या प्रसंगात अडकलाय. मधली बहीण मेरिॲन ज्याच्यात गुंतलेली, तो विलोबी अचानक निघून जातो. मेरिॲन रडत एका खोलीत, आई दुसऱ्या, धाकटी मार्गारेट तिसऱ्या. दारं लागतात, आतून हुंदके. बाहेर एलिनॉर, हातात चहाचा कप. ती पायरीवर बसते आणि चहा पिते. थोरलीला रडायला खोलीच उरत नाही, हे मी इतकं खरं दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

एक गोष्ट खटकते. मेरिॲन आजारी असताना विलोबी रात्री येऊन आपली चूक कबूल करतो, ते कादंबरीतलं प्रकरण चित्रपटात नाही. त्याने तो माणूस म्हणून जास्त कळला असता. मेरिॲनवर प्रेम करणारा ॲलन रिकमनचा कर्नल ब्रँडन इतका सावकाश, इतक्या मायेने उभा राहिलाय, की विलोबीची बाजू लंगडी पडते.

शेवटी एलिनॉरचं ज्याच्यावर प्रेम, तो एडवर्ड येतो. त्याचं लग्न झालंय असंच सगळे धरून चाललेले, आणि ते झालेलंच नसतं. कादंबरीत एलिनॉर जवळजवळ पळतच बाहेर जाते आणि दाराआड रडते. इथे बाकीच्या बाहेर जातात, ती खुर्चीतच राहते आणि त्याच्यासमोर फुटते. श्वास अडकतो, आवाज वेडावाकडा होतो, थांबवू म्हटलं तरी थांबत नाही. एवढे दिवस गिळलेलं सगळं त्या एका हुंदक्यात येतं.

बाहेर मार्गारेट झाडावरच्या तिच्या घरातून आत डोकावतेय, आणि तो गुडघ्यावर बसला, म्हणून खाली आईला आणि मेरिॲनला सांगतेय.