लॅमोट्रिजिन की लेव्हेटिरासेटाम? अपस्माराचे पहिले औषध ठरवताना

अपस्माराचे निदान झाल्यावर पहिले औषध कोणते द्यायचे, ही चर्चा आज पुष्कळदा दोन नावांपाशी येऊन थांबते: लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासेटाम. पहिले 1991 मध्ये ब्रिटनमध्ये आणि दुसरे 1999 मध्ये अमेरिकेत वापरासाठी मान्य झाले. फिनिटॉइन किंवा फेनोबार्बिटाल यांसारख्या जुन्या औषधांच्या मानाने दोन्ही अंगाला बरीच सोसवतात. तरीही एकाऐवजी दुसरे दिले तरी चालेल, असे मात्र नाही. फिट थांबवण्याची घाई किती आहे आणि रुग्णाची मनःस्थिती मुळात कशी आहे, या दोन गोष्टींवर ही निवड सर्वाधिक अवलंबून असावी, असे माझे मत आहे. दुसरी गोष्ट डॉक्टरांना घरच्यांनी सांगितल्याशिवाय कळत नाही आणि घरच्यांना ती सांगण्यासारखी वाटत नाही, म्हणून तिच्याविषयी पुढे जरा विस्ताराने लिहिले आहे.

त्याआधी फिट कोणत्या प्रकारची आहे हे पाहावे लागते. झटका मेंदूच्या एका भागातून सुरू होत असेल, म्हणजे अपस्मार फोकल प्रकारचा असेल, तर लॅमोट्रिजिनचे पारडे थोडे जड आहे. ब्रिटनमध्ये झालेल्या ‘सॅनाड 2’ या चाचणीचे निष्कर्ष 2021 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तिच्या फोकल अपस्माराच्या भागात नव्याने निदान झालेले 990 रुग्ण होते. सलग 12 महिने एकही फिट न येणे, ही कसोटी लावली असता लेव्हेटिरासेटाम हे लॅमोट्रिजिनपेक्षा कमी पडत नाही, असे सिद्ध होऊ शकले नाही. दुष्परिणामांची नोंद लॅमोट्रिजिन सुरू केलेल्यांपैकी 33 टक्के, तर लेव्हेटिरासेटाम सुरू केलेल्यांपैकी 44 टक्के रुग्णांत झाली. हा फरक फार मोठा नसला तरी, हाताशी वेळ असताना, दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

जनरलाइज्ड प्रकारात, म्हणजे झटका मेंदूच्या दोन्ही बाजूंत एकदम सुरू होतो तेव्हा, आणि विशेषतः किशोरवयात सुरू होणाऱ्या मायोक्लोनिक (स्नायूंना क्षणिक झटके देणाऱ्या) अपस्मारात, चित्र उलटते. सकाळी दात घासताना ब्रश हातातून अचानक उडणे किंवा भरलेला पेला धक्का बसल्यासारखा सांडणे, ही त्याची ओळखीची लक्षणे आहेत आणि घरात ती बरेचदा धांदरटपणा म्हणून सोडून दिली जातात. असे झटके लेव्हेटिरासेटामने चांगले आटोक्यात येतात, तर लॅमोट्रिजिनने ते काही रुग्णांत वाढतात. त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना फक्त मोठ्या फिटची माहिती न देता हे छोटे झटकेही आवर्जून सांगावेत. शक्य असल्यास मोबाइलवर चित्रीकरण करून दाखवावे, कारण ईईजीत (मेंदूतील विद्युत लहरींच्या तपासणीत) काहीच सापडले नाही तरी त्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीवरून औषधाची निवड बदलू शकते.

आता वेगाचा मुद्दा. लेव्हेटिरासेटाम प्रौढांमध्ये सहसा दिवसातून दोन वेळा 500 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरू करतात. रक्तातली त्याची पातळी दोन दिवसांत स्थिर होते, म्हणजे संरक्षण जवळजवळ लगेच मिळू लागते. ते शिरेतूनही देता येते, म्हणून न थांबणाऱ्या फिटमध्ये इस्पितळात त्याचा वापर होतो. लॅमोट्रिजिनचे तसे नाही. दुसरे कोणतेही औषध चालू नसेल, तर पहिले दोन आठवडे रोज 25 मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे रोज 50 मिलिग्रॅम आणि नंतर एक-दोन आठवड्यांच्या अंतराने हळूहळू वाढ, असा त्याचा क्रम असतो. उपयोगी मात्रेपर्यंत पोहोचायला दीड ते दोन महिने सहज लागतात. व्हॅल्प्रोएट हे अपस्मारावरचे दुसरे औषध आधीपासून चालू असेल तर लॅमोट्रिजिन शरीरातून फार सावकाश बाहेर पडते, म्हणून सुरुवात एक दिवसाआड 25 मिलिग्रॅमनेच करावी लागते. फिट आठवड्याला येत असतील, तर एवढे थांबणे धोक्याचे आहे. वर्षभरात दोनच आल्या असतील, तर हा वेळ देण्यासारखा आहे, असे मला वाटते.

एवढ्या संथ चढणीचे कारण त्वचा आहे. लॅमोट्रिजिन घेणाऱ्यांपैकी सुमारे 10 टक्के लोकांना पुरळ उठते. त्यातले बहुतेक साधे असते, पण थोड्यांमध्ये ते स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमचे रूप घेते आणि त्यात त्वचा भाजल्यासारखी सुटू लागते. हा धोका पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत सर्वांत जास्त असतो. मुलांमध्ये, व्हॅल्प्रोएटसोबत दिल्यास किंवा मात्रा घाईने वाढवल्यास तो आणखी वाढतो. म्हणून या काळात अंगावर पुरळ दिसले, तर ते उष्णतेमुळे किंवा साबणामुळे आले असेल असा तर्क घरीच न लढवता, पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. सोबत ताप, तोंडात फोड, डोळ्यांची लाली किंवा कातडी सोलणे यांपैकी काहीही असेल तर थेट इस्पितळात जावे. या दोन महिन्यांत नवा साबण, नवे प्रसाधन किंवा इतर नवी औषधे शक्यतो सुरू करू नयेत, म्हणजे पुरळ आलेच तर कारण शोधताना गोंधळ होत नाही. गंभीर त्वचाविकार लेव्हेटिरासेटामनेही होऊ शकतो, पण क्वचित.

लेव्हेटिरासेटामची अडचण वेगळी आहे आणि ती आरशात दिसत नाही. अमेरिकेतील औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकानुसार, चाचण्यांमध्ये चिडचिड, आक्रमकता, बेचैनी अशी वर्तनाची लक्षणे हे औषध घेणाऱ्या सुमारे 13 टक्के प्रौढांमध्ये दिसली, तर औषधाविना नुसती गोळी घेणाऱ्यांमध्ये ती सुमारे 6 टक्के होती. मुलांमध्ये हे प्रमाण बरेच अधिक आहे. आकड्यांवरून या त्रासाची नीट कल्पना येत नाही. आयुष्यभर शांत असलेला माणूस दार जरा जोरात लागले म्हणून ओरडतो, नंतर स्वतःच खजील होतो आणि आपल्याला काय होते आहे हे त्याला सांगता येत नाही. घरचे ते आजाराच्या धक्क्याचा परिणाम समजतात, तो स्वतः आपला स्वभावच बिघडला असे मानतो आणि गोळीकडे कोणाचेच लक्ष जात नाही. रुग्णाइतकेच जवळच्या एखाद्या माणसालाही हे औषध सुरू होण्यापूर्वी सांगून ठेवले पाहिजे, असे मला फार तळमळीने वाटते. ज्यांना पूर्वी नैराश्य, तीव्र चिंता किंवा आत्महत्येचे विचार येऊन गेले आहेत, त्यांनी ते डॉक्टरांपासून लपवू नये, कारण अशा रुग्णासाठी लॅमोट्रिजिन बहुधा अधिक योग्य ठरते. बायपोलर आजारात (ज्यात मन कधी अतिउत्साही, तर कधी फार खिन्न होते) मनःस्थिती स्थिर ठेवण्यासाठीही लॅमोट्रिजिन वापरतात. आत्महत्येच्या विचारांबाबतचा इशारा मात्र अमेरिकेच्या औषध नियामकाने 2008 मध्ये अपस्मारावरील सर्वच औषधांसाठी दिला आहे, त्यामुळे कोणतेही औषध घेतले तरी मन फार खचल्यास ताबडतोब कळवावे.

इतर बाबी थोडक्यात. लेव्हेटिरासेटाम मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर जाते, म्हणून मूत्रपिंड कमकुवत असल्यास त्याची मात्रा कमी करावी लागते. लॅमोट्रिजिनचे विघटन यकृतात होते. लेव्हेटिरासेटामने गुंगी आणि थकवा येतो. लॅमोट्रिजिनने गुंगी तुलनेने कमी येते, पण चक्कर, डोकेदुखी, एकाची दोन दिसणे किंवा झोप उडणे संभवते. हृदयाचा मूळचा दोष असलेल्यांमध्ये लॅमोट्रिजिनमुळे ठोक्यांची लय बिघडण्याच्या शक्यतेबद्दल अमेरिकी नियामकाने 2021 मध्ये सावध केले आहे. अनेक औषधे चालू असलेल्या वृद्ध रुग्णाला लेव्हेटिरासेटामचा एक मोठा फायदा असा, की त्याचा इतर औषधांशी फारसा संघर्ष होत नाही.

मूल होण्याच्या वयातील स्त्रियांसाठी ही दोन्ही औषधे व्हॅल्प्रोएटपेक्षा कितीतरी सुरक्षित आहेत. अपस्मारावरील औषधे घेणाऱ्या गर्भवतींच्या युरॅप या आंतरराष्ट्रीय नोंदवहीच्या 2018 मधील अहवालात बाळात मोठे जन्मदोष आढळण्याचे प्रमाण लॅमोट्रिजिनसाठी 2.9 टक्के, लेव्हेटिरासेटामसाठी 2.8 टक्के आणि व्हॅल्प्रोएटसाठी 10.3 टक्के होते. म्हणजे बाळाच्या दृष्टीने या दोघांत निवडण्यासारखे काही नाही. फरक पडतो तो आईच्या रक्तातल्या पातळीत. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी लॅमोट्रिजिनची पातळी सुमारे निम्म्यावर येऊ शकते, आणि गोळ्या थांबवल्या की ती पुन्हा चढते. लेव्हेटिरासेटामच्या पातळीवर त्या गोळ्यांचा असा परिणाम होत नाही. गर्भारपणात दोन्हींची पातळी घटते, मात्र लॅमोट्रिजिनची घट अनेकींमध्ये इतकी मोठी असते की रक्ततपासणी करत मात्रा वाढवावी लागते आणि बाळंतपणानंतर काही दिवसांतच ती पुन्हा उतरवावी लागते. दिवस गेल्याचे कळताच घाबरून गोळ्या बंद करणे, हे आई आणि बाळ दोघांसाठीही घातक आहे.

गोळ्या चुकण्याची सवय असेल तर तीही आधीच मान्य करावी. लेव्हेटिरासेटाम शरीरातून सहा ते आठ तासांत निम्मे होते, म्हणून साध्या गोळीची सकाळ-संध्याकाळची वेळ सांभाळावीच लागते. लॅमोट्रिजिन जास्त वेळ टिकते, पण ते सलग पाच-सहा दिवस चुकले तर जुन्या मात्रेवर एकदम परतता येत नाही. पुन्हा 25 मिलिग्रॅमपासूनच सुरुवात करावी लागते, नाहीतर पुरळाचा धोका नव्याने उभा राहतो. गावाला जाताना गोळ्यांचे पाकीट घरी राहणे हे लॅमोट्रिजिनच्या बाबतीत दोन महिन्यांचे नुकसान ठरू शकते.

पहिली निवड चुकली, तरी ती बदलता येते. लेव्हेटिरासेटामने फिट थांबल्या पण चिडचिड असह्य झाली, तर ते चालू ठेवूनच लॅमोट्रिजिन नेहमीच्या संथ गतीने चढवतात आणि ते पुरेशा मात्रेवर पोहोचल्यावर पहिले औषध टप्प्याटप्प्याने उतरवतात. या मधल्या काही आठवड्यांत दोन्ही गोळ्या सोबत चालतात, म्हणून कोणत्या तारखेला कोणती गोळी किती घ्यायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.